मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर

अर्चना, परवा तुझ्या शोकसभेत सरांनी तुझ्याबद्दल जे वाचून दाखवलं, ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच संगणकावर बसून.

विभागाच्या सभागृहात तुझा फोटो ठेवला होता, ओळखपत्रावरचा, मोठा करून. त्यात तू नुकतंच कुणी दटावल्यासारखी दिसतेस. सर आता निवृत्त झालेत, काठी घेऊन आले. माइकसमोर उभं राहून त्यांनी फाइलमधून एक कागद काढला आणि म्हणाले, "अर्चनाविषयीचं माझं मत मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. आज तेच वाचतो." आणि वाचलं. हार्डवर्किंग, सिन्सियर, पंक्च्युअल. सहकाऱ्यांशी सलोख्याचे संबंध. जिथे जाईल तिथे उपयोगी पडेल. पाच ओळींत तू संपलीस. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण मी ओरडले नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "धरमपेठच्या बड्या घरची पोरगी, तिचा आवाज कसा निघन?"

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात. तुझ्या वाट्याला तेही आलं नाही. पाच ओळी आल्या, त्याही चौदा वर्षं शिळ्या, आणि वाचणाऱ्याला हेही आठवत नव्हतं की त्या आपण लिहिलेल्या नाहीत.

सभा संपल्यावर तुझी आई, काकू, माझ्याजवळ आल्या. तुझ्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचा फोन गेला तेव्हा त्या रामटेकहून निघाल्या, त्या अजून इथे नागपुरात, बेस्याच्या तुझ्या घरीच आहेत. माझा हात धरून म्हणाल्या, "मेधा, सरनं काय वाचलं वं? मले इंग्रजी नाही समजत."

मी सांगितलं. मेहनती होती, प्रामाणिक होती, वेळेवर यायची, सगळ्यांशी मिळूनमिसळून राहायची.

"वेळेवर?" काकू म्हणाल्या. "थे कधी वेळेवर पोचली वं? रामटेकची बस कधी टाइमावर सुटली काय?" मग म्हणाल्या, "अन् मेहनती त आमचा बैलबी होता, बाई. एवढंच होतं काय लिवाले?"

मी म्हटलं, "सर घाईत असतील, काकू." म्हणजे तिथेही मी सरांचंच नाव पुढे केलं.

आता तुझ्याशी नीट बोलते. निदान आता तरी.

आपण दोघी एकाच गाइडच्या, म्हणजे सरांच्या, विद्यार्थिनी. काम तोंडाच्या कर्करोगावर, आणि आपल्याकडे त्या कामाला तोटा नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन ज्यांची तोंडं दोन बोटंही उघडत नाहीत अशी माणसं दवाखान्याच्या बाकांवर बसलेली असायची. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून आणायचा, त्यातल्या पेशी प्लेटांत, म्हणजे छोट्या ताटल्यांत, वाढवायच्या आणि कुठल्या औषधानं त्या मरतात ते पाहायचं. तू डबा आणायला गेलीस की तासभर उशिरा यायचीस, कारण तू त्या माणसांशी बोलत बसायचीस. माझी चिडचिड व्हायची. तू म्हणायचीस, "ज्याची गाठ हाय त्याचं नाव त माहीत असावं काय नाही?"

पीएच.डी. झाली की पुढची पायरी पोस्टडॉकची. दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत राहून नव्यानं शिकायचं, म्हणजे मग कधीतरी स्वतःची प्रयोगशाळा मिळते. ती पायरी चुकली की माणूस कितीही हुशार असो, खालीच राहतो. आणि त्या पायरीचं दार उघडतं ते गाइडच्या शिफारसपत्रानं. तिकडची माणसं तुम्हाला ओळखत नाहीत, ती पत्र वाचतात.

आणि आपल्याकडे पत्र कोण लिहायचं? सर नाही. सर म्हणायचे, "ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." म्हणजे ज्याला कर्ज हवं त्यानंच आपल्या ऐपतीचा दाखला लिहायचा आणि पाटलानं डोळे मिटून शिक्का मारायचा. आपल्या आधीच्या सगळ्यांनी तसंच केलं. कुणी स्वतःला असाधारण लिहिलं, कुणी विलक्षण. सरांच्या मेलचा पासवर्ड अख्ख्या लॅबला पाठ होता, कारण पत्र पाठवायचंही ज्याचं त्यानंच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आज देशभर किती खोल्यांमधून हे असंच चालत असेल, आणि वर परिषदांमधून भाषणं होतात की आपली मुलं परदेशात कमी का पडतात.

तुला ते जमेना. तीन दिवस तू कोरा पडदा समोर ठेवून बसलीस. मग म्हणालीस, "मले माझीच तारीफ नाही लिहिता येत वं. तू माझं लिही, मी तुझं लिहिते."

मी हो म्हटलं. आपण दोघी एकाच जागेसाठी अर्ज करत होतो, हे तुला ठाऊक होतं, मलाही. जर्मनीतली ती प्रयोगशाळा, तोंडाच्या कर्करोगाचंच काम, जागा एकच. तुला त्यात काही अडचण दिसली नाही. "दोघीतनं कोनीबी गेली तरी आपलीच गेली," असं तू म्हणाली होतीस.

आता त्या पत्रांच्या आधीच्या मे महिन्याकडे येते. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

त्या वर्षी माझं औषध लागू पडत होतं. चार महिने मी राबले होते, आणि एप्रिलपासून प्लेटामागून प्लेटांत कर्करोगाच्या पेशी मरून पडत होत्या. सर खूश होते, मी तर हवेतच. तू माझ्या प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास आणि विचारलंस, "जानेवारीत काहून नव्हत्या मरत?"

"तेव्हा मात्रा कमी होती."

"मंग फेब्रुवारीत? मात्रा त तेवढीच होती."

मला राग आला. तुझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या त्या शांत आवाजाचा आला. दुसऱ्या दिवशी तू पाण्याच्या बाटलीत एक थर्मामीटर बुडवून ती माझ्या इन्क्युबेटरच्या, पेशी उबेत ठेवायच्या पेटीच्या, वरच्या कप्प्यात ठेवलीस आणि समोर स्टूल टाकून बसलीस. दुपारी बारा ते पाच, दर अर्ध्या तासाला काचेतून आकडा पाहून वहीत लिहायचा. बाहेर नागपूरचा मे महिना, कूलर नुसता गरम वारा फेकायचा, वीज हेलकावे खायची. अशी तू आठ दिवस बसलीस. तेव्हा तुझा स्वतःचा प्रबंध अर्धा लिहायचा राहिला होता.

नवव्या दिवशी तू वही माझ्यापुढे ठेवलीस. इन्क्युबेटरच्या बाहेरच्या पाटीवर सदतीस अंश दिसत होतं. आत, वरच्या कप्प्यात, दुपारी दोननंतर चाळीसच्या वर. पश्चिमेची भिंत तापायची आणि यंत्र हार मानायचं. आणि मी शहाणी, फडताळात डबे लावावेत तशा औषधाच्या सगळ्या प्लेटा वर आणि बिनऔषधाच्या खाली लावत होते. चार महिने, नेमानं, नीटनेटक्या.

"औषधानं नाही वं," तू म्हणालीस. "उन्हानं मरून राहिल्या ह्या."

मी रडले. तू मला रडू दिलंस आणि मग म्हणालीस, "सरले तूच सांग. तुझ्या तोंडून गेलं पाहिजे. मी काही बोलत नाही." मी सांगितलं. सर आधी भडकले, मग आठवडाभरानं येईल त्याला सांगायला लागले की आमची मेधा बघा, चार महिन्यांचं काम स्वतःहून कचऱ्यात टाकलं. तू तिथेच उभी असायचीस, पिपेट हातात घेऊन. एकदाही तू बोलली नाहीस.

जर्मनीहून मला मुलाखतीचा फोन आला, तुला नाही. तिकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही चार महिन्यांचं काम टाकून दिलंत, त्याबद्दल सांगा." मला कळेना, हे यांना कुणी सांगितलं. मग कळलं. तू माझ्या पत्रात तेच लिहिलं होतंस. विशेषणं नव्हती. माझ्या पीएच.डी.च्या सादरीकरणाला तीन आठवडे उरलेले असताना मी काय केलं, एवढंच होतं. पुढं त्या बाई मला म्हणाल्याही, "त्या पत्रामुळं तुला बोलावलं. बाकीची सगळी पत्रं एकसारखी होती." एकसारख्या पत्रांत तुझंही पत्र होतं.

आणि त्या मुलाखतीत मी काय सांगितलं, माहीत आहे? "आमच्या लक्षात आलं." आमच्या. आदरार्थी बहुवचन वापरावं तसं.

मी गेले. तू राहिलीस. तुझा प्रबंध सरांच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिला, कारण सरांना तो वाचायला वेळ नव्हता, आणि तो वाचून होईस्तोवर देशातल्या फेलोशिपांच्या वयाच्या अटींनी तुला एकेक करून वगळलं. वय काय तुझं एकटीचं वाढत होतं? कपाटातल्या प्रबंधाबरोबर ते वाढत होतं, पण जाहिरातीत कपाटाला वजावट नसते. तिथं लिहिलेलं असतं, तरुण आणि उत्साही उमेदवार हवेत. मग तासिका तत्त्वावरची नोकरी. दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत, त्याच कॉलेजात, त्याच खुर्चीसमोर. शिकवायचीस मात्र अशी, की तुझी मुलं माझ्याकडे आली की मला त्यांचे हात पाहूनच कळायचं कुणाच्या हाताखालची आहेत.

मी परत आले, मला नागपुरातच प्रयोगशाळा मिळाली, आणि मी माझी पहिली जाहिरात काढली. कर्करोगाच्या जीवशास्त्रात पोस्टडॉक प्रशिक्षण, एक जागा. त्या संध्याकाळी तुझा फोन आला.

"मेधे, जाहिरात पाह्यली तुझी. बायकांची वयाची सूट धरूनबी आठ महिन्यानं चुकून राहिली मी. काही होत नाही काय वं?"

"नियम आहे गं. माझ्या हातात नाही."

हे खोटं होतं. संचालकांच्या विशेष परवानगीची सोय होती, त्यासाठी एक पानाचा अर्ज करावा लागत होता. तो मी केला नाही. तू माझ्या लॅबमध्ये आलीस तर महिनाभरात सगळ्यांना कळेल की दोघींत खरी कोण, ही भीती होती. त्या वेळी मी तिला शिस्त म्हटलं.

तू म्हणालीस, "हो, नियम असतेच." मग म्हणालीस, "एक इचारू? थ्या टाइमले माझ्या पत्रात तू काय लिहिलं होतं?"

"चांगलंच लिहिलं होतं."

"चांगलंच लिहिलं असशीन. मले माहीत आहे. मंग त्याह्यले काहून नाही पटलं, काय माहीत." आणि तू हसलीस. तुझ्या तासाची घंटा झाली आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आपण सगळं बोललो. तुझ्या मुलाच्या शाळेचं, बेस्याच्या पाण्याचं, माझ्या गुडघ्याचं. पत्राचं कधीच नाही. अर्चना, मला सरांचा राग येतो, त्या वयाच्या अटींचा येतो, पण खरं सांगू का, तुझाही येतो. तुझा तर फारच येतो. पाटीवरच्या सदतीस अंशांवर तू विश्वास ठेवला नाहीस. आठ दुपारी उन्हात बसलीस, काचेतून आत पाहत. आणि माझ्या "चांगलंच लिहिलं होतं"वर एका क्षणात विश्वास ठेवलास? तिथं का नाही थर्मामीटर लावलास? एकदा दरडावून विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. म्हणजे बहुतेक सांगितलं असतं.

परवा सभेहून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात सरांना सोललं. न वाचता सही करणारा माणूस, दुसऱ्याच्या शब्दांवर चौदा वर्षं मिरवणारा माणूस. घरी येऊन मेल उघडला तर माझी विद्यार्थिनी कोमल हिचं पत्र होतं. "मॅडम, पोस्टडॉकसाठीच्या तुमच्या शिफारसपत्राचा ड्राफ्ट जोडला आहे, सही करावी." तिनं लिहिलं होतं, हार्डवर्किंग, सिन्सियर. ड्राफ्ट करून आण, असं मीच तिला सांगितलं होतं. मागच्या सगळ्यांनाही मीच सांगितलं होतं. सरांना शिव्या घालायचा माझा हक्क त्या मेलनं काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोमलला बोलावून म्हटलं, "हे राहू दे. मी लिहीन. तू मला एवढंच सांग, दुसऱ्या कुणालाच न दिसलेलं असं तुला काय दिसलं?" ती बिचारी घाबरली, तिला वाटलं मी रागावले. मग हळूहळू बोलायला लागली, आणि पाऊण तास बोलत होती. पाच वर्षं ती माझ्या लॅबमध्ये आहे आणि त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

आता राहिलं ते. आजपर्यंत मी स्वतःला समजावत आले की तेव्हा आपल्याला कुठं कळत होतं, पत्र कसं लिहितात ते. आपलं इंग्रजी तेवढंच. हार्डवर्किंग म्हणजे चांगलंच की. सगळे तेच लिहायचे, मीही लिहिलं.

खोटं आहे. त्या दिवशी सरांच्या खोलीत मी आधी दुसरंच लिहिलं होतं. तो मे महिना लिहिला होता, स्टूल, वही, आठ दुपारी, सगळं. लिहून वाचलं आणि मला स्वच्छ दिसलं की हे ज्याच्या हाती पडेल तो तुलाच बोलावेल. तू तेव्हा खाली गेली होतीस, माझ्यासाठी तर्रीपोहे आणायला. तू वर येईपर्यंत मी ते खोडलं आणि या पाच ओळी टाकल्या. वक्तशीरसुद्धा लिहिलं. तुझ्या हातातून पोहे घेतले आणि म्हणाले, "झालं तुझं, एकदम मस्त." माझ्या पत्रातून तू तुझं नाव गाळलंस ते माझ्यासाठी, आणि तुझ्या पत्रातून मी तुझं नाव गाळलं तेही माझ्यासाठीच.

आज दुपारी बेस्याला गेले होते. काकू मागच्या खोलीत तुझ्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होत्या. मी म्हटलं, "काकू, सरांनी वाचलं ते खरं पत्र नव्हतं. खरं मी आणलंय, सरांच्या नावानं लिहिलं होतं तसंच आठवून, मराठीत करून." आणि वाचलं.

"माझ्या प्रयोगशाळेत एक चूक चार महिने कुणाला दिसली नाही. मलाही दिसली नाही. ती अर्चनाला दिसली. प्रयोग तिचा नव्हता आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती आठ दिवस भर उन्हाळ्याच्या दुपारी एका थर्मामीटरसमोर बसली. चूक सापडल्यावर तिनं ती जिची होती तिच्याच हाती दिली आणि स्वतः गप्प राहिली. या कामासाठी मला एकच जण निवडायचा असेल, तर मी तिला निवडेन."

काकूंनी हातातली साडी मांडीवर ठेवली. "हे होय माही अर्चना," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग थ्या पत्रात हे काहून नव्हतं?"

"मी खोडलं होतं, काकू. मला जायचं होतं."

त्यांनी मांडीवरच्या साडीची घडी पूर्ण केली. मी जायला उठले तर त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"बस," म्हणाल्या. "अखीन एक डाव वाच."